साहेब लाईनला शोभेल अशी इमारत

९ फेब्रुवारी १९५६, सकाळ

आज स्टेशनासमोरच्या हॉटेलात चहा ग्लासात दिला. बशी नाही. पूर्वसूचना नाही. मी ग्लासाकडे पाहिलं, मग मालकाकडे पाहिलं. मालकानं भिंतीकडे पाहिलं. खुलासा मागितला तर म्हणतो, कप टूटते हैं साहब. कप फुटतात म्हणून संस्कृतीच मोडीत काढायची! माणसानं आपला चहा कशात ओतून निववायचा हे ज्या दिवशी हॉटेलवाला ठरवू लागला, त्या दिवशी इंग्रज खरे गेले. सत्तेचाळीस साली नुसता झेंडा बदलला होता. जीभ भाजली ती वेगळीच. या गावाला कुणीतरी वळण लावलं पाहिजे. आजूबाजूला नजर टाकली असता ते कुणीतरी मीच आहे असं दिसतं.

दुपार

निर्णय पक्का. साहेब लाईनमधल्या माझ्या प्लॉटवर दुकानाची इमारत बांधायची.

साहेब लाईन म्हणजे या गावात बघण्यासारखी एकच गोष्ट. रेल्वेच्या गोऱ्या अंमलदारांचे बंगले, लाल विटा, गोल कमानी, कौलं, चिंचेची सावली. तिथं गेल्या महिन्यात क्लबाच्या शेजारी कुणीतरी सिमेंटचं दुकान काढलं. रंग पोपटी. असा पोपटी की पोपटानं मान खाली घालावी. माझी इमारत धंद्याची असेल, पण तोंडवळा साहेबी. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही साठ-सत्तर वर्षं इथंच उभी आहे आणि आत कुणीतरी पियानो वाजवतंय. प्रत्यक्षात आत लुगडी विकली जात असतील, पण ते रस्त्यावरून दिसायचं कारण नाही.

पैशाची सोय झाली आहे. माझ्या बायकोला, धुरपताला, तिच्या आईनं बिरसीला धानाचं शेत दिलं होतं, ते तिच्या भावानं, टेकचंदनं, पैसे देऊन घेतलं. त्यानं शब्द दिला आहे: भाऊजी, पुढच्या सालच्या अक्षय्यतृतीयेपर्यंत पैसे परत आणा, शेत बाईचं. त्यानंतर मात्र माझं. मी हसलो. नुसत्या भाड्यावर दिवाळीत सोडवून आणीन. धुरपता काही बोलली नाही. म्हणजे प्लॅन तिला पसंत पडला.

आजपासून धुरपतावर चिडायचं नाही.

२६ फेब्रुवारी

धुरपतावर चिडलो. कारण योग्य होतं. म्हणाली, दुकानाले वरांडा कायले पाहिजे, गिऱ्हाईक का झोपाले येते?

बकाराम मिस्त्रीचंही तेच. शेकोटी कायले मालक, गोंदियात? त्याला समजावलं की तिला फायरप्लेस म्हणतात, शेकायला नसते, शोभेला असते. मग म्हणतो, शोभेले आहे तं धुराडं कायले? खोटं काढतो वरच्यावर. मी म्हणालो, बकाराम, खोटं काही चालणार नाही, आरपार पाहिजे. तो म्हणाला, साहेब येऊन राहिला का तुमच्याकडे राहाले? येईल, येईल, असं मी म्हणालो. त्याचं तोंड बंद करायला म्हणालो. पण सगळे मजूर काम थांबवून माझ्याकडे पाहायला लागले.

वरांड्याचं माप मला कागदावर लागत नाही. पाडलेल्या त्या मोठ्या इंजिनीयर साहेबाच्या बंगल्याचा वरांडा माझ्या डोळ्यांत पक्का आहे. बाबा मला लहानपणी तिथं नेत. शालीकराम बाबू, साहेबाच्या ऑफिसातले हेडक्लार्क. साहेबाचा त्यांच्यावर फार लोभ. दुपारभर वरांड्यात उभं करून ठेवी, जाऊ म्हणून देत नसे. इतका जवळचा संबंध त्या काळी कुणाचा नव्हता. बंगला पाडला तेव्हा लिलावात त्याची दारं मीच घेतली होती. ती इथं बसवणार.

१४ मे

काम संपत आलं. विटा मुद्दाम जुन्या आणल्या. कौलांवर शेण-ताक फिरवून शेवाळ धरवलं. ही माझी स्वतःची युक्ती. रस्त्यावरून तीन पायऱ्या आणि वर वरांडा. चार खांब, गोल कमानी, झालरीला कोरीव लाकूड.

आज एका म्हाताऱ्यानं उभं राहून विचारलं, नव्यानं दुरुस्त करून राहिले का? यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको. दुसऱ्यानं विचारलं, यात कोणता साहेब राहत होता? मी सांगितलं, कोणीच नाही, ही नवी आहे. त्याचा विश्वास बसला नाही. डोळा मिचकावून गेला. कलेचा विजय म्हणतात तो हाच.

पोपटी दुकानात गर्दी असते. गर्दी जत्रेतही असते.

१५ जून

उद्घाटन. भाडेकरू श्यामलाल कापडवाले. नारळ फोडला, धुरपतानं पाच सुवासिनींना बोलावलं. त्या पायरीपाशी थांबल्या. वर या, वर या, असं मी चार वेळा म्हणालो. एक म्हणाली, बरं आहे इथंच. पाऊस पडत होता तरी बरं होतं म्हणे.

श्यामलालनं फायरप्लेसमध्ये धोतरांचे तागे रचले. आधी बोललो नाही. नंतर बोललो. तो म्हणाला, केशोरावजी, जगह खाली थी. अशा माणसाला वास्तूचं महत्त्व काय सांगणार.

शेत सोडवून आणलं की धुरपताला बिरसीला घेऊन जायचं आणि बांधावर उभं करायचं. तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं असेल.

८ जुलै

श्यामलालकडे गिऱ्हाईक येतं, पण वर चढत नाही.

आज स्वतः जाऊन पाहिलं. सालेकशाकडचा एक शेतकरी, बायको सोबत, लुगडं घ्यायला आलेला. पायरीपाशी आला, कमानीकडे पाहिलं, जोडे काढले. बायकोनंही पदर डोक्यावर घेतला. दोघं हात जोडून रस्त्यावर उभी. श्यामलाल आतून ओरडतो, आओ भाई आओ. हे जागचे हलत नाहीत. बाबू नावानं पुकारेल तेव्हा जाऊ, असं त्यांचं. शेवटी श्यामलाल लुगडी घेऊन खाली आला तर शेतकऱ्यानं खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला. मोहाच्या झाडांबद्दल अर्ज होता. तीन वर्षं घेऊन फिरतोय म्हणे, बरं झालं साहेब भेटले.

श्यामलाल म्हणाला, ये दुकान है कि कचहरी? मी म्हणालो, सवय होईल. इंग्लंडात माणसं अशाच दुकानात जातात. त्यानं विचारलं, आप गये थे? प्रश्न विषयाला सोडून होता.

२२ जुलै

उपाय काढला. पायरीपाशी बोर्ड लावला: आत यावे. मराठी, हिंदी आणि वर इंग्रजीतही, मोठ्या अक्षरांत. परिणाम: लोक पूर्वी पायरीपाशी उभे राहत, आता बोर्डापासून चार हात लांब राहतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सरकारी हुकूम वाटतो. वाचता येणाऱ्यांनाही तोच वाटतो. "यावे" लिहिलंय म्हणजे बोलावल्याशिवाय यायचं नाही, असा त्यांचा अर्थ.

बोर्ड ठेवला. लाईनला शोभतो.

५ सप्टेंबर

काल पोळा, आज मारबत. गावाची इडापिडा घेऊन जा म्हणत बाहुली मिरवतात, तीच. दरवर्षी मिरवणूक बाजारातून जाते. आज मुद्दाम वळून साहेब लाईनीत आली आणि माझ्या इमारतीसमोर थांबली. साहेबाचं भूत घेऊन जा गे मारबत! ढोलावर! मी पुढे होऊन विचारलं, कोणतं भूत? कुठला साहेब? इमारत जूनमध्ये बांधून झाली आहे, भुताला मरायला तरी वेळ मिळाला का? सगळे हसले. त्यांच्यातला एक म्हणाला, केशोरावजी, त्याले का माहीत नवी आहे म्हून, त्याले वाटलं आपलाच बंगला.

हा युक्तिवाद मूर्खपणाचा आहे. पण त्यात माझ्या बांधकामाची तारीफ आहे हे नाकारता येत नाही.

चौकशी केली. धुराड्यात संध्याकाळी कुणीतरी कण्हतं म्हणे. पिंगळा आहे, छोटं घुबड. मी स्वतः पाहिलेला नाही, पण पिंगळाच आहे.

१८ सप्टेंबर

श्यामलालचा माणूस दिवे लावायच्या वेळी थांबायला तयार नाही, म्हणून खुशालला राखणदार ठेवला. म्हातारा आहे, पण अनुभवी. त्या पाडलेल्या बंगल्यात पंखा ओढायचा. साहेबी रीत त्याच्या अंगात आहे. आल्या आल्या त्यानं दारांवरून हात फिरवला आणि म्हणाला, वळखलं. दारांनी त्याला की त्यानं दारांना, ते विचारलं नाही.

आठवडा झाला, विचारलं, काय रे, दिसलं का भूत? गंमत म्हणून विचारलं. तो तंबाखू मळत होता. म्हणाला, येते. मी म्हणालो, साहेब? तो म्हणाला, अंधार पडाच्या वेळेले येते. तिकडच्या शेवटल्या खांबापाशी. बसत नाही.

मी त्याला शास्त्रीय कारण दिलं. छोट्या गाडीचं शंटिंग इंजिन त्याच वेळी येतं. त्याच्या दिव्याचा झोत खांबावर पडतो आणि खांबाची सावली माणसासारखी दिसते. खुशाल म्हणाला, असन मालक. सावलीच्या बगलेत जोडे असतेत बस.

४ ऑक्टोबर

गावात आता माझ्या इमारतीची चर्चा सोडून दुसरी नाही. जाहिरातीच्या दृष्टीनं चांगलं आहे. पण एकाचं एकाशी जुळत नाही. एक म्हणतो टोप होता. दुसरा म्हणतो टोप नव्हता, काळी टोपी होती. छत्री होती असंही एक. मी प्रत्येकाला बजावतो: साहेब काळी टोपी घालत नसतो, जोडे काढून हातात धरत नसतो आणि स्वतःच्या वरांड्यात उभा राहत नसतो. तेव्हा तो साहेब नव्हे. म्हणजे भूत नव्हे. सिद्ध झालं.

आज जेवलो नाही नीट. पित्त.

१४ ऑक्टोबर

उगाच अफवा नको म्हणून आज दिवेलागणीला मी स्वतः वरांड्यात बसलो. सोबत वेताची खुर्ची नेली, साहेबाकडे होती तशी. खुशालला चहा प्यायला पाठवलं.

बसलो असं लिहिलं, प्रत्यक्षात उभा होतो. खुर्ची नवीन, वार्निश ओलं असावं. हात लावून पाहिला तर कोरडं होतं, पण वार्निशचा भरवसा नसतो.

लाईन शांत. चिंचेखाली अंधार आधी येतो. इंजिनाचा झोत आला, गेला. खांबाची सावली भिंतीवर पडली. माझ्या सिद्धांतानुसारच पडली. मग झोत गेल्यावर ती जायला हवी होती. जरा वेळ लागला.

खोकला ऐकू आला. कोरडा, दोन तुकड्यांत. आतल्या माणसाला आपण बाहेर आहोत हे कळावं, पण राग येऊ नये, असा. माझाच असावा. घसा खराब आहे.

खुर्ची तिथंच राहिली. उद्या कुणाकडून तरी मागवून घ्यावी.

१५ ऑक्टोबर

धुरपताला सहज सांगितलं की लोक काय काय बडबडतात, काळी टोपी, छत्री, बगलेत जोडे. भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, मामाजी असतीन. मी म्हणालो, काहीही. बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली. ती म्हणाली, तुमीच तं सांगता, लई वेळ उभं राहत म्हून. साहेब गेला, बंगला पाडला, कोठं जातीन बिचारे? तुमी बांधून देल्ला. आता बसा म्हणा त्यायले.

बायकांच्या अंधश्रद्धेवर एक लेख लिहिण्याचा विचार आहे. नागपूरच्या पेपरला पाठवीन.

खुर्ची परत मागवली नाही. तिथं बरी दिसते.

१ नोव्हेंबर

आज आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. जागचे हललो नाही तरी गेलो. सकाळी उठून पाहिलं, सगळं तसंच. हॉटेलातही चहा ग्लासातच.

उद्या लक्ष्मीपूजन आणि आज श्यामलालनं गाठोडी बांधली. मी समजूत काढायला गेलो. दिवाळीचं गिऱ्हाईक बघा म्हणालो. त्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं. रांग होती. सगळे अनवाणी, हातात अर्ज. म्हणाला, केशोरावजी, यहाँ पूजा करूँ तो लक्ष्मीजी भी बाहर चप्पल उतारके खड़ी रहेंगी. पोपटी दुकानाशेजारची जागा घेतली त्यानं.

भाड्याचा हिशेब केला नाही. उद्या सण आहे. धुरपतानं विचारलं नाही. तिचं हे न विचारणं हल्ली फार ऐकू येतं.

संकल्प: संध्याकाळी साहेब लाईनीकडे फिरकायचं नाही. हवा बाधते.

१२ जानेवारी १९५७

मी म्हणत होतो! गुणांची पारख करणारा भेटला!

नव्या राज्याचं एक खातं इथं कचेरी काढतंय. जागा शोधत अधिकारी स्वतः आले. पुण्याकडचे, तरुण, स्वच्छ कपडे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरं का". माझी इमारत लांबून पाहिली आणि मोटार थांबवली. कमानी, फायरप्लेस, दारं, सगळं पाहिलं. म्हणाले, सरकारी कचेरीला अगदी योग्य वास्तू आहे, बरं का. कोणत्या साली बांधली? मी सांगितलं. त्यांनी नोंद मात्र "ब्रिटिशकालीन" अशी केली. मी दुरुस्ती सुचवली नाही.

भाडं श्यामलालपेक्षा जास्त. अक्षय्यतृतीयेपर्यंत शेत आरामात सुटतं. धुरपताला सांगितलं. ती म्हणाली, हातात आले का? मी म्हणालो, सरकारचा शब्द आहे. ती म्हणाली, हो ना, शब्द हातात नाही येत.

चिडलो नाही.

४ फेब्रुवारी

कचेरी सुरू झाली. काय देखावा! तीन पायऱ्या, पायऱ्यांखाली जोड्यांची रांग, वरांड्यात माणसंच माणसं, हातात अर्ज, सगळे उभे. इमारतीला पाहिजे होतं ते हेच. दुकान म्हणून ती अवघडल्यासारखी दिसत होती, आता मोकळी वाटते.

माझी वेताची खुर्ची चपराश्यानं ताब्यात घेतली.

भुताची बोलवा बंद पडली. खुशालला विचारलं, आता येत नाही ना? म्हणाला, का माहीत. आता एवढी माणसं उभी असतेत, त्यात एखादं जास्त असन तं वळखू नाही येत.

त्याला आता रखवालीवर सरकारनंच ठेवून घेतलं. एकाच जागी आयुष्य काढणाऱ्या माणसांचं मला नवल वाटतं.

१५ मार्च

भाडं आलेलं नाही. काळजीचं कारण नाही. मंजुरीची फाईल नागपूरला गेली. नागपूरनं सांगितलं की मंजुरी आता मुंबईहून. मुंबईनं विचारलं की ब्रिटिशकालीन इमारत सरकारचीच असणार, तिचं भाडं कसलं? त्याचा खुलासा मी लिहून दिला. खुलासा नागपूरला गेला.

अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटायला गेलो. चपराशी म्हणाला, साहेब कामात आहेत. माझ्याच खुर्चीत बसून म्हणाला. मी वरांड्यात थांबलो. फरशी नुकतीच पुसली होती म्हणून जोडे काढले. स्वतःची फरशी आहे, जपलेली बरी.

उद्या होळी. धुरपता दोन दिवस माहेरी बिरसीला गेली. शेत पाहायला गेली असेल. पाहू दे, लवकरच तिचंच होणार.

९ एप्रिल

रोज जातो. पहिल्यासारखं आता कुणी ओळख विचारत नाही, हे चांगलं. ओळख झाल्याचं लक्षण आहे. साहेब एकदा दारातून जाताना माझ्याकडे पाहून "हं" म्हणाले. फार बोलका माणूस नाही, पण मन मोकळं आहे.

आज वरांड्यात शेजारी कोण उभा होता? तोच, सालेकशाकडचा, मोहाच्या झाडांचा. त्यानं मला राम राम केला आणि विचारलं, तुमचा अर्ज कायचा? मी म्हणालो, मी मालक आहे. तो समजूतदारपणे म्हणाला, हो, सगळेच मालक होते पहिले.

बाजारात नवे पैसे आलेत. आण्याचे किती होतात ते कुणालाच नीट सांगता येत नाही. आपल्याला तूर्त अडचण नाही. दोन्ही प्रकारचे नाहीत.

कुठं उभं राहिलं म्हणजे आतून नजर पडते, याचा अभ्यास केला. शेवटचा खांब. तिथून साहेबाचं टेबल तिरपं दिसतं. घसा खाकरला तर त्यांचं लक्ष जातं. जोरात नाही. दोनदा, हलके.

हे लिहिताना हात थांबला. शाई संपत आली असावी.

२ मे, सकाळ

अक्षय्यतृतीया. टेकचंदच्या शब्दाचा आज शेवटचा दिवस. तो दुपारी येणार आहे.

धुरपता पहाटेपासून पितरांच्या तयारीला लागली. पाण्याची नवी घागर भरून पाटावर ठेवली आहे. म्हणाली, आज तरी लवकर या, मामाजीचं पान वाढाचं आहे. मी म्हणालो, पैसे घेऊनच येतो. धुतलेला सदरा काढून दिला तिनं. इस्त्री केलेला. बटण तुटलं होतं तेही लावलेलं.

आज बोलावतील. कालच चपराशी म्हणाला, उद्या बघू. इतकं स्पष्ट तो कधी बोलला नव्हता.

२ मे, संध्याकाळ

बोलावलं नाही.

दुपारपर्यंत वरांडा भरलेला होता. मग एकेक जण गेला. सणाचा दिवस, ज्याच्या त्याच्या घरी पितर जेवायचे. मी शेवटच्या खांबापाशी. जोडे खाली ठेवले तर हरवतात असा अनुभव आहे, म्हणून बगलेत. ऊन कमानीतून आत आलं, भिंतीपर्यंत गेलं, निघून गेलं. कमानी छान झाल्या आहेत. बकारामानं काम चांगलं केलं.

डाव्या हाताला कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं. वळून पाहिलं नाही. कचेरीत माणसं असतातच. त्याला नीट उभं राहता यावं म्हणून थोडा सरकलो.

साहेब मागच्या दारानं गेले. चपराश्यानं दिवा मालवला, खुर्ची आत नेली.

खुशाल आला. म्हणाला, घरी जा आता बाबू. आजवर तो मला मालक म्हणायचा. मी तसं बोलून दाखवलं तर हसला. म्हणाला, तुमच्या बाबूजीले बी मी असंच सांगत होतो. घरी जा बाबू, आज नाही बोलवत. मग कानावरची बिडी काढून पेटवली. म्हणाला, उभं राहून राहून लई थकले का माझ्याकडून एक बिडी घेत. उद्या देतो रे खुशाल, म्हणत. अन् दुसऱ्या दिवशी देत बी. माणूस इमानदार. शेवटली एक राहून गेली. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

राहू द्या, असं तोच वर म्हणाला. मी काही म्हटलं नव्हतं.

घरी आलो तर टेकचंद जेवून गेलेला. मी धुरपताला फाईल समजावून सांगायला लागलो. नागपूर, मग मुंबई, मग परत नागपूर. तिनं मुंबईपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, राहू द्या. म्या त्याले होळीलेच सांगून आली, ठेव म्हून. शेत तुझंच.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? दीड महिना मी रोज तिथं...

ती म्हणाली, तुमी रोज धुतलेला सदरा घालून जाऊन राहिले होते. कसं सांगू?

मग तिनं पानं वाढली. एक बाबांचं, एक माझं, शेजारी शेजारी. बसा, असं म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मी बसलो.

३ मे, सकाळ

आज कचेरीत गेलो नाही. मागच्या बाजूनं गेलो, चिंचेखाली खुशाल झोपलेला असतो तिकडे. त्याच्या उशाशी बिडीचं बंडल ठेवलं आणि आलो. उठवलं नाही.

एकच बिडी घेणार होतो. दुकानदार म्हणाला, सुटी मिळत नाही.